एच-इंडेक्स ८ आणि २६ : बढतीच्या तक्त्यातले आकडे कसे वाचावेत?

वाचकाचे पत्र

"मी गणितज्ञ आहे आणि ग्राफ सिद्धांतात (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यांच्या अभ्यासात) काम करते. पीएच.डी. होऊन १२ वर्षे झाली. आजवर १९ शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. बरेचसे एकटीने लिहिलेले, बाकीचे एका-दोघा सहलेखकांबरोबरचे. एकूण सायटेशन, म्हणजे इतर निबंधांत माझ्या निबंधांचे आलेले संदर्भ, २२० आणि त्यांवरून निघणारा एच-इंडेक्स ८. बढतीच्या एकाच जागेसाठी माझा अर्ज रेण्वीय जीवशास्त्रातल्या एका सहकाऱ्यांच्या अर्जाशेजारी ठेवला गेला आहे. त्यांची सायटेशन २,३०० आणि एच-इंडेक्स २६ आहे. समितीतले एक सदस्य मला म्हणाले, 'काम चांगले असेलही, पण आकडे फारच कमी आहेत.' मला दोन पानांचे निवेदन देण्याची मुभा मिळाली आहे. त्यात काय लिहू? दुसरा प्रश्न असा, की एका मोठ्या जीववैद्यकीय गटाने त्यांच्या येत्या शोधनिबंधांवर माझे नाव घालण्याची तयारी दाखवली आहे. आकडे वाढतील म्हणून ते स्वीकारावे का?"
– एक गणिती

उत्तर

समितीतल्या सदस्यांचे ते वाक्य अगदीच चुकीचे नाही, पण ते अर्धवट आहे. आकडे कमी आहेत. पण कशाच्या मानाने कमी, हे त्यांनी सांगितलेले नाही, आणि तुमच्या दोन पानांचे सगळे काम या एका प्रश्नाभोवती आहे. जीवशास्त्राच्या मानाने गणितातला आकडा कमी दिसणारच. मात्र ग्राफ सिद्धांतात साधारण १२ वर्षे काम केलेल्या माणसांच्या मानाने तुमचा आकडा कमी आहे, बरोबरीचा आहे की जास्त आहे, हे अजून कोणी पाहिलेलेच नाही. ते आधी तुम्ही पाहायचे आहे आणि मग समितीला दाखवायचे आहे.

तुमचे पत्र वाचताना मला एक तक्ता आठवला. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका निवड समितीवर होतो. सकाळी बैठकीला गेलो तेव्हा प्रत्येकापुढे एक कागद ठेवलेला होता. डावीकडे अर्जदारांची नावे, उजवीकडे त्यांचा एच-इंडेक्स, आणि नावे त्या आकड्याच्या उतरत्या क्रमाने लावलेली. कागदाच्या मध्याखाली कोणीतरी पट्टी लावून लाल पेनाने एक रेघ ओढली होती. रेघेखाली तीन नावे होती आणि त्यांतली दोन गणितज्ञांची होती. दुपारपर्यंत आमचे काम आटोपले, कारण त्या तीन फाइली आम्ही उघडल्याच नाहीत. मी त्या दिवशी काही बोललो नाही, याची खंत मला आजही आहे. तुमची फाइल उघडली जावी असे मला मनापासून वाटते, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात म्हणून एक साधी गोष्ट करून पाहा. तुमचा एक शोधनिबंध आणि तुमच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध छापून घ्या, शेजारी ठेवा आणि दोन्हींची शेवटची पाने उघडा. तुमची संदर्भसूची बहुधा पानभरात संपेल; त्यांची बारीक टाइपात पुढची तीन-चार पाने चालू राहील. एका निबंधाच्या सूचीतली प्रत्येक ओळ हेच दुसऱ्या कोणाचे तरी एक सायटेशन असते. ज्या क्षेत्रात जो तो पंधरा-वीस ओळी लिहितो तिथे वाट्याला येणार ते त्याच हिशेबाने, आणि जिथे साठ-सत्तर लिहितात तिथे त्या हिशेबाने. जीवशास्त्रात संशोधक अधिक आहेत म्हणून सायटेशन अधिक मिळतात, असे अनेकांना वाटते, पण ते बरोबर नाही. मोठ्या क्षेत्रात सायटेशन देणारे जास्त असतात तसे घेणारेही जास्त असतात, त्यामुळे निव्वळ आकाराने सरासरी फारशी हलत नाही. ती मुख्यत्वे संदर्भसूचीच्या लांबीवर आणि त्या सूचीतले किती संदर्भ अलीकडच्या, सायटेशन मोजणाऱ्या डेटाबेसमध्ये नोंदलेल्या निबंधांना आहेत यावर ठरते. आकाराचा परिणाम दिसतो तो टोकाला, म्हणजे सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या मोजक्या निबंधांत. सायटेशन इंडेक्सची, म्हणजे कोणत्या निबंधाला कोणी उद्धृत केले याच्या सूचीची, कल्पना १९५५ मध्ये मांडणाऱ्या यूजीन गारफिल्ड यांनीही हा मुद्दा स्पष्ट केला होता. त्यांची मूळ कल्पना साहित्य शोधण्याच्या साधनाची होती, एका विचारावरून पुढच्या विचारापर्यंत वाट काढता यावी म्हणून. माणसे तोलण्याचा काटा ती नंतर झाली.

दुसरा फरक वेगाचा आहे. प्रयोगशाळेतल्या शास्त्रांत निबंध प्रसिद्ध झाल्यापासून वर्ष-दोन वर्षांत त्याच्यावर पुढचे काम उभे राहते आणि काही वर्षांत तो जुना होतो. गणितात एखादे प्रमेय वाचले जाते, पचवले जाते आणि दहा-पंधरा वर्षांनी कोणाच्या तरी सिद्धतेत कामाला येते. आंतरराष्ट्रीय गणित संघाने दोन सहयोगी संघटनांबरोबर २००८ मध्ये सायटेशनच्या आकडेवारीवर एक अहवाल प्रसिद्ध केला. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या निबंधांना मिळणाऱ्या सायटेशनची सरासरी) ज्या दोन वर्षांच्या खिडकीतून मोजला जातो, त्या खिडकीबाहेर गणितातल्या जर्नलांची सुमारे ९० टक्के सायटेशन पडतात, असे त्यात दाखवले आहे. हे एक वाक्य तुमच्या निवेदनात अवश्य असू द्या, कारण ते तुमच्या व्यवसायातल्या सर्वोच्च संघटनेचे आहे आणि समितीतल्या कोणालाही ते अर्ध्या मिनिटात समजते.

आता एच-इंडेक्सकडे येऊ. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्ष यांनी तो २००५ मध्ये मांडला. किमान २६ सायटेशन असलेले २६ निबंध असतील तर इंडेक्स २६, अशी त्याची सोपी व्याख्या. हा सोपेपणाच त्याच्या प्रसाराचे कारण ठरला. पण त्याच मूळ लेखात हर्ष यांनी क्षेत्राक्षेत्रांतला फरकही दाखवून दिला होता. त्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार भौतिकशास्त्रात सर्वांत वरचा एच-इंडेक्स एडवर्ड विटन यांचा होता, ११०. जीवशास्त्रांत सर्वांत वरचे सॉलोमन स्नायडर होते, १९१. विटन हे १९९० मध्ये फील्ड्स पदक मिळालेले, म्हणजे गणितातला सर्वोच्च सन्मान मिळवणारे पहिले भौतिकशास्त्रज्ञ. ते स्नायडर यांच्यापेक्षा निम्म्याने कमी कर्तबगार आहेत असे कोणीही म्हणणार नाही. जी पट्टी तयार करणाऱ्याने पहिल्याच दिवशी दोन क्षेत्रे वेगळी ठेवा असे सुचवले, तिने समित्या सर्रास सगळ्यांना एकत्र मोजत राहिल्या, याचे मला वाईट वाटते.

तुम्ही गणिती आहात, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो, जी तुम्हाला पटायला वेळ लागणार नाही. अलेक्झांडर याँग या गणितज्ञांनी २०१४ मध्ये दाखवले, की बहुतेकांचा एच-इंडेक्स एकूण सायटेशनच्या वर्गमुळाला ०.५४ ने गुणल्यावर जे येते त्याच्या आसपासच असतो. तुमच्या २२० चे वर्गमूळ सुमारे १४.८, गुणाकार ८.०. तुमच्या सहकाऱ्यांच्या २,३०० चे वर्गमूळ सुमारे ४८, गुणाकार २५.९. म्हणजे ८ आणि २६ या आकड्यांनी एकूण सायटेशनच्या बेरजेपलीकडे समितीला जवळपास काहीच नवे सांगितलेले नाही. एकच माहिती तक्त्यात दोन रकान्यांत छापली की ती दोन पुरावे असल्यासारखी भासते.

शिवाय या इंडेक्सची चाल तर्काला धरून नसते. समजा, एका संशोधकाचे ५ निबंध आहेत आणि प्रत्येकाला ५ सायटेशन, इंडेक्स ५. दुसऱ्याचे ४ निबंध, प्रत्येकाला १०, इंडेक्स ४. पुढच्या काही वर्षांत दोघेही अगदी सारखी भर घालतात, प्रत्येकी १० सायटेशनचे ४ नवे निबंध. आता पहिल्याचा इंडेक्स ५ वरच राहतो, कारण ५ पेक्षा जास्त सायटेशन असलेले त्याचे निबंध चारच आहेत. दुसऱ्याचा मात्र थेट ८ होतो. दोघांनी सारखेच काम केले आणि क्रम उलटला. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातल्या वॉल्टमन आणि व्हॅन एक यांनी २०१२ मध्ये या विसंगतीवर सविस्तर लिहिले आहे. निवेदनात हे सगळे घालायची गरज नाही. समितीसमोर बोलण्याची वेळ आलीच, तर हे उदाहरण फळ्यावर दोन मिनिटांत मांडता येते, म्हणून हाताशी ठेवा.

मग करायचे काय? क्षेत्रांची तुलना करायचीच असेल, तर प्रत्येक निबंधाची सायटेशन त्याच क्षेत्रातल्या, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या निबंधांच्या सरासरीने भागायची. याला मी क्षेत्रसापेक्ष आकडा म्हणतो. १ आला तर काम त्या क्षेत्राच्या सरासरीइतके उद्धृत झाले, २ आला तर दुप्पट. २००८ मध्ये रादिक्की, फोर्तुनातो आणि कास्तेल्लानो या तीन संशोधकांनी निरनिराळ्या शास्त्रांतल्या निबंधांवर हा भागाकार करून पाहिला, तेव्हा एरवी एकमेकांपासून दूर असलेले सायटेशनचे वितरण-आलेख जवळजवळ एकावर एक येऊन बसले. पुढे २०१३ मध्ये इंडियाना विद्यापीठातल्या गटाने हाच विचार संपूर्ण कारकिर्दीला लावला आणि एखाद्याचा एच-इंडेक्स त्याच्या क्षेत्रातल्या सरासरी एच-इंडेक्सने भागला, तर क्षेत्रांमधला पक्षपात बराच कमी होतो, असे दाखवले. केवळ समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करू. तुमच्या उपक्षेत्रात तुमच्याइतक्या अनुभवाच्या लोकांची सरासरी ५ असेल तर तुमचा आकडा १.६ येतो. तुमच्या सहकाऱ्यांच्या उपक्षेत्रात ती २० असेल तर त्यांचा १.३ येतो. या सरासऱ्या मी नुसत्या मानल्या आहेत. खऱ्या तुम्हाला शोधाव्या लागतील आणि त्या तुमच्या विरुद्धही जाऊ शकतात.

शोधताना पहिली अडचण येईल ती "माझे क्षेत्र कोणते?" हीच. मोठे डेटाबेस क्षेत्र ठरवतात ते बहुधा निबंध ज्या जर्नलमध्ये छापला त्यावरून. ग्राफ सिद्धांतातला निबंध संगणकशास्त्राच्या जर्नलमध्ये गेला तर त्याची तुलना वेगळ्याच घोळक्याशी होते, आणि तोच निबंध गणिताच्या जर्नलमध्ये असता तर भाजक निराळा आला असता. तुमच्या सोयीचे क्षेत्र निवडण्याचा मोह इथे होऊ शकतो. तो टाळा. गणिताच्या विषय-वर्गीकरणात तुमचा विभाग ठरलेला आहे, ०५सी. मॅथसायनेट या गणिताच्या निबंधांच्या डेटाबेसवर तुमच्या निबंधांची मुख्य नोंद या विभागात असेल तर तोच आधार घ्या आणि तो का घेतला हे एका ओळीत लिहा. समितीला पर्याय तपासून पाहता आला पाहिजे. जीववैद्यकीय संशोधनासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये जर्नलऐवजी, ज्या निबंधांबरोबर आपला निबंध उद्धृत होतो त्यांवरून क्षेत्र ठरवण्याची पद्धत काढली. कल्पना चांगली आहे, पण ती त्या क्षेत्रासाठी घडवलेली आहे. गणितासाठी ती उसनी आणू नका.

दुसरी अडचण सरासरीचीच आहे. सायटेशनचे वितरण कमालीचे एकांगी असते. १९५१ मध्ये ओलिव्हर लौरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची एक पद्धत सांगणारा निबंध लिहिला. त्याला ३ लाखांहून अधिक सायटेशन मिळाली आहेत. लौरी यांनी स्वतःही तो आपला थोर शोध मानला नव्हता. असा एखादा निबंध कोणत्याही सरासरीला वर खेचून नेतो आणि बाकीचे सगळे तिच्याखाली बुडाल्यासारखे दिसतात. म्हणून सरासरीच्या जोडीने हेही पाहा, की तुमच्या क्षेत्रातल्या त्या-त्या वर्षीच्या निबंधांत सायटेशनच्या दृष्टीने वरच्या १० टक्क्यांत तुमचे किती निबंध येतात. लायडनचे अभ्यास केंद्र जगातल्या विद्यापीठांची जी क्रमवारी लावते तीही हा निकष वापरते, आणि समितीला तो चटकन समजतो. मात्र १९ निबंध ही लहान संख्या आहे. समजा, त्यांतले ४ वरच्या १० टक्क्यांत आले. निव्वळ योगायोगाने १९ पैकी ४ किंवा अधिक येण्याची शक्यता साडेअकरा टक्के आहे. हा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा लवकर कराल. तेव्हा "माझे २१ टक्के निबंध जगातल्या सर्वोत्तमांत आहेत" असे ठासून लिहू नका. "१९ पैकी ४" असे लिहा आणि तेवढ्यावर थांबा. गणितज्ञाने आपल्याच बाबतीत संख्येचा बडेजाव केला तर समितीतला एखादा जाणकार तो लगेच ओळखतो आणि मग बाकीच्या वाक्यांवरचा विश्वासही जातो.

हिशेबाची रीतही स्पष्ट लिहा, कारण तीवर बरेच अवलंबून असते. समजा, तुमच्या एका जुन्या निबंधाला ६० सायटेशन आहेत आणि त्याच्या क्षेत्र-वर्षाची सरासरी ४०. एका नव्याला ४ आहेत आणि सरासरी १. दोन्हींच्या बेरजा करून भागले तर ६४ भागिले ४१, म्हणजे सुमारे १.५६. प्रत्येकाचे गुणोत्तर वेगळे काढून मग सरासरी घेतली तर १.५ आणि ४ यांचे मध्य, म्हणजे २.७५. लायडनचे अभ्यास केंद्र अनेक वर्षे पहिली रीत वापरत होते. २०१० च्या सुमारास तिच्यावर टीका झाल्यावर ते दुसऱ्या रीतीकडे वळले, जिच्यात जुन्या आणि नव्या निबंधांना सारखे वजन मिळते. दुसरी अधिक न्याय्य आहे असे माझेही मत आहे, पण अगदी ताज्या निबंधांचा भाजक इतका छोटा असतो की एका सायटेशनने आकडा उड्या मारतो. म्हणून गेल्या दोन वर्षांतले निबंध या हिशेबातून बाजूला ठेवा आणि तसे नमूद करा. शिवाय २००८ च्या त्या सुंदर आलेखांबद्दलही सावध राहा: २०१२ मध्ये लायडनच्याच गटाने अधिक क्षेत्रे घेऊन ते काम तपासले, तेव्हा ते सर्व क्षेत्रांना तितकेसे लागू पडत नाही असे दिसले, आणि फरक मुख्यतः कमी सायटेशन असलेल्या क्षेत्रांत होता. गणित त्याच प्रकारचे क्षेत्र आहे. क्षेत्रसापेक्ष आकडा हा कच्च्या आकड्यापेक्षा पुष्कळ बरा आहे, एवढाच दावा त्यावर करावा.

आकडे घ्याल ते एकाच डेटाबेसमधून आणि एकाच तारखेला. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधीचे मसुदे) आणि पुस्तकेही मोजते, म्हणून तिथला आकडा स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या डेटाबेसपेक्षा बहुधा मोठा असतो. तक्त्यात तुमचे २२० एका ठिकाणचे आणि सहकाऱ्यांचे २,३०० दुसऱ्या ठिकाणचे असतील, तर तेही आधी विचारून घ्या. असे घडलेले मी पाहिले आहे.

सहलेखकांचा मुद्दा मात्र निवेदनात ठळकपणे यायला हवा. प्रचलित मोजणीत निबंधावरच्या प्रत्येक लेखकाला पूर्ण श्रेय मिळते, लेखक दोन असोत की दोनशे. २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावरचा एक निबंध ५,१५४ लेखकांच्या नावाने प्रसिद्ध झाला. ३३ पानांपैकी २४ पाने लेखकांची नावे आणि त्यांच्या संस्था यांनीच भरलेली होती. त्या प्रत्येकाच्या खात्यात त्याची सगळी सायटेशन जमा होतात. तुमचे बरेचसे निबंध एकटीचे आहेत. प्रत्येक निबंधाचे श्रेय लेखकांच्या संख्येने भागून एक ओळ द्या: "लेखकसंख्येने भागता माझ्या १९ निबंधांचे इतके पूर्ण निबंध होतात." ही ओळ तुमच्या बाजूने बोलेल. सहकाऱ्यांचा असा हिशेब तुम्ही करू नका. समितीला वाटले तर ती करेल. याच ठिकाणी नावांच्या क्रमाबद्दलही लिहा. जीवशास्त्रात पहिले नाव काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे, असा संकेत आहे. गणितात नावे आडनावाच्या वर्णानुक्रमाने येतात, आणि अमेरिकन मॅथमॅटिकल सोसायटीने २००४ च्या निवेदनात हा संकेत लेखी नोंदवून ठेवला आहे. समितीच्या नमुन्यात "प्रथम लेखक म्हणून किती निबंध?" असा रकाना असेल, तर तो तुमच्यासाठी निरर्थक आहे, हे नम्रपणे आणि त्या निवेदनाचा हवाला देऊन सांगा.

इतके झाल्यावर एक पान भरेल. दुसऱ्या पानावर आकडा नको. तुमच्या तीन निबंधांबद्दल लिहा आणि त्यांचा उपयोग कोणी कशासाठी केला ते दाखवा. यासाठी तुम्हाला एक कंटाळवाणे पण मोलाचे काम करावे लागेल: तुमची २२० सायटेशन एकेक उघडून पाहणे. बरीचशी प्रस्तावनेतल्या एखाद्या वाक्याच्या शेवटी सापडतील, "या प्रश्नावर पुष्कळ काम झाले आहे [४, ७, ११–१९]" अशा चौकटी कंसात, जिथे तुमचा निबंध ११ आणि १९ च्या मध्ये कुठेतरी असतो आणि वाचणाऱ्याची नजर त्यावर थांबतही नाही. पण काही ठिकाणी सिद्धतेच्या ऐन मध्यावर "आता अमुक यांच्या प्रमेय ३ वरून" असे लिहिलेले सापडेल, जिथे तुमची पायरी काढली तर पुढची इमारत उभीच राहत नाही. मोजणाऱ्या यंत्राला दोन्ही सायटेशन सारखीच दिसतात. अशी पाच-सहा ठिकाणे निवडा, लेखक आणि वर्ष द्या, आणि तुमच्या प्रमेयाने तिथे नेमके काय काम केले ते गणित न येणाऱ्यालाही कळेल अशा दोन-दोन वाक्यांत लिहा. माझ्या अनुभवात समितीचे मत बदलले असेल तर ते अशाच परिच्छेदांनी.

हे मागणे जगावेगळे वाटायला नको. संशोधनाच्या मूल्यमापनात आकडे कसे वापरावेत यावरच्या २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातले पहिलेच तत्त्व असे आहे, की आकड्यांनी जाणकारांच्या गुणात्मक परीक्षणाला साथ द्यावी. आणि क्षेत्राक्षेत्रांतले प्रकाशनाचे व सायटेशनचे फरक लक्षात घ्यावेत, हेही त्याच्या दहा तत्त्वांत आहे. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून संशोधकांना तोलू नये असे सांगणाऱ्या २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को घोषणेवर जगभरातल्या हजारो संस्थांनी आणि व्यक्तींनी सही केली आहे. तुमच्या संस्थेने केली आहे का ते पाहा. केली असेल तर निवेदनाच्या पहिल्या परिच्छेदात तेवढा उल्लेख पुरे. रशियन गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमान यांनी प्वाँकारे कंजेक्चर हा गणितातला प्रसिद्ध प्रश्न सोडवणारे तीन लेख २००२-०३ मध्ये जर्नलमध्ये न देता आर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या खुल्या संकेतस्थळावर ठेवले, हे उदाहरण मात्र देऊ नका. ते खरे आहे, पण तुम्ही स्वतःची तुलना पेरेलमान यांच्याशी करता आहात असे ऐकणाऱ्याला वाटेल.

तुमच्या सहकाऱ्यांबद्दल एक शब्दही उणा लिहू नका. त्यांचा २६ हा आकडा त्यांच्या क्षेत्रातही उत्तम असू शकतो, आणि त्यांनाही क्षेत्रसापेक्ष हिशेबाचा तितकाच हक्क आहे. शक्य असेल तर निवेदन देण्यापूर्वी त्यांना दाखवा. दोघांनी मिळून समितीला एकाच रीतीने आकडे मांडायला सांगितले तर तुमच्या म्हणण्याला तक्रारीचा सूर उरणार नाही.

आणि हिशेब करून आकडा ०.७ आला तर? तसे होऊ शकते. तेव्हा तो लपवू नका; निवेदनातला आकड्यांचा भाग आखडता घ्या आणि वजन दुसऱ्या पानावर ठेवा. ग्राफ सिद्धांताच्या एखाद्या कमी रहदारीच्या कोपऱ्यात काम करणाऱ्याला क्षेत्रसापेक्ष आकडाही पूर्ण न्याय देत नाही, कारण क्षेत्राच्या आतही वस्त्या दाट-विरळ असतात. पण तीन निबंधांबद्दल लिहायला बसल्यावर सांगण्यासारखे फारसे सुचलेच नाही, तर सदस्यांच्या वाक्यात काही तथ्य आहे असे समजून ते स्वतःशी मान्य करायला हवे, आणि पुढच्या तीन-चार वर्षांच्या कामाचा विचार त्या दृष्टीने करायला हवा. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, तरी तुम्ही सल्ला विचारला आहे म्हणून लिहितो.

आता त्या जीववैद्यकीय गटाबद्दल. तुम्ही त्यांच्या प्रयोगाची आखणी करणार असाल, विश्लेषण स्वतः करणार असाल, मसुदा तपासणार असाल आणि उद्या कोणी प्रश्न विचारला तर त्या भागाची जबाबदारी घेणार असाल, तर जरूर जा. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वासाठी घातलेल्या अटीही जवळपास याच आहेत, आणि असे काम तुम्हाला नवे प्रश्नही देईल. नुसते नाव घालणार असतील तर नको म्हणा. ते अप्रामाणिक आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच तुम्ही विचारलेत. पण हिशेबानेही ते तोट्याचे आहे. ते निबंध जीववैद्यकीय क्षेत्रात मोजले जातील, त्यांची सायटेशन त्या क्षेत्राच्या मोठ्या सरासरीने भागली जातील, आणि श्रेय वीस-पंचवीस लेखकांत वाटले जाईल. तुमच्या दोन पानांत तुम्ही समितीला जी रीत वापरायला सांगणार आहात, तिने पाहिले तर त्या निबंधांतून तुमच्या वाट्याला फार थोडे येईल, आणि कोणीतरी विचारेल, की यात तुमचा भाग कोणता. गटाला आज एवढेच लिहा: "माझ्याकडून नेमके कोणते काम अपेक्षित आहे ते कळवा, त्यावरून मी ठरवीन." त्यांच्या उत्तरात कामाचा उल्लेख आहे की नाही, ते पाहून निर्णय घ्या.